पिकलिंगचं वापरलेलं ॲसिड आणि सांडपाण्यातलं फॉस्फेट: प्लांट टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: जालन्याच्या एमआयडीसीत तार ओढणाऱ्या कारखान्यांकडून पिकलिंगचं (लोखंड ॲसिडात बुडवून गंज काढण्याचं) वापरलेलं ॲसिड निघतं, रोलिंग मिलचा स्केल (तापलेल्या लोखंडावरची ऑक्साइडची पापडी) निघतो, भट्ट्यांचा स्लॅग (मळी) पडून असतो आणि परळीला वीज केंद्राच्या राखेचे ढीग आहेत. हा माल फुकट किंवा फुकटाच्या भावात मिळेल. त्यातून सांडपाण्यातलं फॉस्फेट खाली बसवणारं कोॲग्युलंट तयार करून नगरपालिकांच्या एसटीपींना (सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना) विकावं का, आणि त्यासाठी फेरिक क्लोराइडचा प्लांट टाकावा का?

रसायन करता येतं, त्यात फार अवघड काही नाही. पण फेरिकचा प्लांट टाकू नका. तुमच्या हातात येणारं लोखंड फेरस, म्हणजे कमी ऑक्सिडाइझ झालेल्या, अवस्थेत आहे आणि एसटीपीच्या एरेशन टाकीत (जिथे पाण्यात हवा फुंकतात) त्याचं पुढे ऑक्सिडाइझ होऊन फेरिक आपोआप होतं. जे काम तिथला ब्लोअर जवळजवळ फुकट करतो त्यासाठी तुम्ही पेरॉक्साइड किंवा क्लोरीन का विकत घ्यायचं? तुमचा पैसा आणि डोकं दुसरीकडे लागायला हवं. ॲसिड कोणत्या कारखान्याच्या कोणत्या टाकीतून आलं, त्यात लोखंडाखेरीज काय आहे, आणि एका टाकीचा माल दुसरीत मिसळणार नाही याची खात्री कोण देतं, हे तीन प्रश्न सुटले तर धंदा आहे.

आधी फॉस्फेटचं गणित. आपल्याकडच्या शहरी सांडपाण्यात एकूण फॉस्फरस साधारण ५ ते १० मिलिग्रॅम प्रति लिटर असतो. त्यातला थोडा जिवाणूंच्या वाढीत खर्च होतो. बाकीचा विरघळलेला असतो, म्हणून गाळून निघत नाही आणि नायट्रोजनसारखा हवेत उडूनही जात नाही. त्याला बसवायचं तर लोखंड, ॲल्युमिनियम किंवा चुना लागतो. लोखंडाचा एक अणू फॉस्फरसचा एक अणू पकडतो असं धरलं तर १ किलो फॉस्फरसला १.८ किलो लोखंड लागतं, ॲल्युमिनियम ०.८७ किलो. प्रत्यक्षात धातूचा बराच भाग हायड्रॉक्साइड होण्यात जातो. त्यामुळे १ मिलिग्रॅमपर्यंत खाली यायचं तर दीड ते दोन पट डोस धरावा लागतो, आणि त्याखालचा प्रत्येक दशांश आधीच्यापेक्षा महाग पडतो.

एवढा आटापिटा कशासाठी? साठलेल्या पाण्यात शेवाळ माजायला लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपासचा फॉस्फरसही पुरतो. खाम नदी संभाजीनगर आणि वाळूजचं पाणी घेऊन नाथसागराकडे जाते, आणि त्याच नाथसागराचं पाणी संभाजीनगर आणि जालना पितात. वाहत्या नदीत जे खपून जातं ते धरणात खपत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९च्या आदेशात एसटीपींसाठी कडक मानकं धरली, त्यात तलाव-जलाशयात जाणाऱ्या पाण्याला एकूण फॉस्फरस १ मिलिग्रॅम आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याला मात्र जुनीच सर्वसाधारण मर्यादा लागते: नदीनाल्यात सोडताना विरघळलेलं फॉस्फेट, फॉस्फरस म्हणून मोजलेलं, ५ मिलिग्रॅम. ‘फॉस्फरस म्हणून’ हे दोन शब्द रिपोर्टवर नीट वाचा. एखादी लॅब फॉस्फेट १५ लिहिते आणि कारखानदार घाबरतो. तेच फॉस्फरस म्हणून ४.९ भरतं, म्हणजे मर्यादेच्या आत. उलटंही घडतं आणि ते जास्त महागात पडतं.

आता तुमच्या यादीतला माल एकेक घेऊ.

परळीची राख बाजूला काढा. राखेत ॲल्युमिना पाव हिस्सा किंवा अधिक असतो हे खरं, पण तो म्युलाइट नावाच्या खनिजात आणि काचेसारख्या भागात कुलूपबंद असतो. तो बाहेर काढायला तापवलेलं तीव्र ॲसिड लागतं, किंवा चुना-सोडा घालून हजार अंशांच्या वर भाजावं लागतं. एवढं करून राखेच्या जवळपास तेवढाच सिलिकाचा ॲसिडी चिखल उरतो, त्याचं काय करायचं हा नवा प्रश्न. राखेला विटा आणि सिमेंटवाले आहेत, त्यांना नेऊ द्या.

स्लॅगच्या बाबतीत जालन्यातले बरेच उद्योजक फसतात. ‘स्टील स्लॅग फॉस्फेट शोषतो’ असं वाचलेलं असतं, आणि ते चुकीचंही नसतं. पण तो स्लॅग मोठ्या पोलाद कारखान्यांतला, भरपूर चुना असलेला. जालन्यात भंगार आणि स्पंज आयर्न वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत, त्यांचं अस्तर सिलिकाच्या रॅमिंग मासचं. त्यामुळे त्यांचा स्लॅग वाळूच्या अंगाचा, ॲसिडी स्वभावाचा निघतो. चुना नावाला. फॉस्फेट पकडायला जो कॅल्शियम हवा तो त्यात नाहीच. दोन्हींचं नाव एक, एवढंच साम्य.

रोलिंग मिलचा स्केल चांगला माल आहे. सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंड, जड धातू सहसा कमी. पण त्याला बाजार आहे, त्यामुळे फुकट मिळेल या भरवशावर राहू नका. शिवाय त्यावर तेल-ग्रीस असतं. माझ्या मते स्केलचा उपयोग मुख्य कच्चा माल म्हणून करू नये, वापरलेल्या ॲसिडातलं उरलेलं ॲसिड खाण्यासाठी करावा. ॲसिड साठ-सत्तर अंशांपर्यंत कोमट ठेवलं आणि तेल काढलेला स्केल घालून संथपणे ढवळत राहिलं की मोकळं ॲसिड उतरतं आणि लोखंड वाढतं. याच कामासाठी कुणी भंगाराचे तुकडे किंवा खिळे टाकायला सांगितलं तर ऐकू नका. धातू ॲसिडात गेला की हायड्रोजन निघतो. झाकलेल्या टाकीत साठला आणि शेजारी वेल्डिंग चाललेलं असलं तर टाकीचं झाकण छपरावर सापडतं. स्केल म्हणजे ऑक्साइड, त्यातून हायड्रोजन जवळजवळ निघत नाही, पाणी होतं.

राहिलं पिकलिंगचं ॲसिड. जालना म्हणजे सळई, आणि सळईला पिकलिंग होत नाही. त्यामुळे ‘स्टीलचं शहर आहे, ॲसिड अमाप मिळेल’ असा हिशोब करू नका. ॲसिड येतं ते तार ओढणारे, गॅल्व्हनायझिंगवाले (जस्ताचा मुलामा देणारे), कोल्ड रोलिंग करणारे आणि वाळूज-चिकलठाण्यातले पत्र्याचे सुटे भाग बनवणारे यांच्याकडून. हायड्रोक्लोरिक वापरणाऱ्यांचं टाकाऊ ॲसिड लिटरला १०० ते १५० ग्रॅम लोखंडाचं असतं, मोकळं ॲसिड दोन ते पाच टक्के. गंधकाम्ल वापरणाऱ्यांकडे थंड केल्यावर हिरवे खडे पडतात, तो आपला हिराकस, वजनाच्या वीस टक्के लोखंड. उसावर केवडा पडला की शेतकरी दुकानातून आणतो तोच पदार्थ. पण पिकलिंगचा हिराकस शेतीला विकायच्या फंदात पडू नका. खताचा परवाना आणि त्याच्या चाचण्या हा वेगळा संसार आहे.

आता आकडे मांडून बघू, म्हणजे फेरिकच्या प्लांटला मी नाही का म्हणतो ते दिसेल. १० एमएलडीचा, म्हणजे रोज एक कोटी लिटरचा एसटीपी घ्या. जैविक प्रक्रियेनंतर फॉस्फरस ६ मिलिग्रॅम उरतो आणि तो १ वर आणायचाय. रोज ५० किलो फॉस्फरस काढायचा. दीडपट डोस धरला तर १३५ किलो लोखंड. लिटरला १२० ग्रॅम लोखंडाचं ॲसिड असेल तर रोज सव्वा अकराशे लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरची नऊ दिवसांतून एक खेप. हे लोखंड फेरसमधून फेरिक करायला ५० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ८२ किलोच्या आसपास लागेल. हेच काम हवेतल्या ऑक्सिजनने करायचं तर ऑक्सिजन लागतो १९ किलो. त्या प्लांटला बीओडीसाठी, म्हणजे सेंद्रिय घाण जिरवण्यासाठी, रोज दोन टनांच्या आसपास ऑक्सिजन द्यावाच लागतो. त्यात १९ किलोची भर ऑपरेटरच्या लक्षातही येणार नाही.

हे काही नवं शोधलेलं नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या जोन्स आयलंड प्लांटमध्ये फॉस्फरस काढायला पिकलिंगचं टाकाऊ ॲसिडच वापरलं जायचं.

अट एकच: डोस दिल्यानंतर पुरेशी हवा आणि वेळ मिळाला पाहिजे. फेरसचं फेरिक होण्याचा वेग पीएचवर फार अवलंबून आहे, पीएच एकाने वाढला की वेग शंभरपट. पीएच ७ च्या वर आणि टाकीत दोन मिलिग्रॅम ऑक्सिजन असेल तर काम मिनिटांत होतं. ६ वर तेच तासन् तास रेंगाळतं. मराठवाड्याचं पाणी इथे आपल्या बाजूने आहे. काळ्या खडकातल्या बोअरचं कठीण पाणी आपण एरवी शिव्या देत पितो, पण त्यातली अल्कलिनिटी (ॲसिड पचवण्याची ताकद) सांडपाण्यातही उतरते आणि लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास सहज भरते. वरच्या उदाहरणात लोखंड आणि उरलेलं ॲसिड मिळून तीसेक मिलिग्रॅम अल्कलिनिटी खातात. चुना घालायची वेळ येत नाही. मात्र ज्या प्लांटमध्ये नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट होणं) जोरात चालतं तिथे आधीच बरीच अल्कलिनिटी गेलेली असते, तिथे मोजून मगच डोस ठरवा.

एसबीआर पद्धतीच्या प्लांटमध्ये (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं, गाळ बसवणं आणि वरचं पाणी काढणं), आणि आता आपल्याकडे बहुतेक नवे प्लांट तेच आहेत, डोस एरेशनच्या उत्तरार्धात द्यायचा, पण हवा बंद व्हायच्या अगदी तोंडावर नाही. निदान अर्धा तास हवा मिळायला हवी. नाहीतर फेरस तसाच डिकँटरमधून (वरचं पाणी काढून घेणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर जातो, पुढे क्लोरीनच्या टाकीत लालसर होतो आणि सगळे रसायनाला दोष देतात. शेवटच्या क्लॅरिफायरनंतर डोस द्यायचा असेल, तळ्यासारखे प्लांट असतील किंवा यूएएसबीनंतर (हवेविना चालणाऱ्या टाकीनंतर) नुसतं पॉलिशिंग पाँड असेल, तर फेरसचा उपयोग नाही. तिथे फेरिक किंवा पॅकच (पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड) लागेल, आणि त्यांना ते बाजारातून घेऊ द्या.

तरीही फेरिक करायचंच असा हट्ट असेल तर. क्लोरीन सगळ्यात स्वस्त, किलोभर लोखंडाला ०.६३ किलो, पण टनर (क्लोरीनचे टनभराचे सिलिंडर) हाताळणारी प्रशिक्षित माणसं आणि गळती रोखायची व्यवस्था नसलेल्या शेडमध्ये त्याचं नावही काढू नका. सोडियम क्लोरेटही चालतं. पेरॉक्साइड छोट्या प्रमाणावर सगळ्यात सोपं, पण ते हळूहळू आणि थंड ठेवूनच घालायचं, नाहीतर गरम होऊन स्वतःच विघटित होतं आणि टाकी फेसाळून वर येते. आणि हवा फुंकून सोडियम नायट्राइटच्या चिमटीने लोखंड फेरिक करायची कृती कुणी देईल. त्यातून निघणारा तपकिरी वायू फुफ्फुसांना घातक असतो. बंद रिॲक्टर आणि स्क्रबर नसेल तर ती कृती विसरा.

आता खरा मुद्दा: त्या ॲसिडात आणखी काय आहे. वरच्याच एसटीपीत जैविक गाळ रोज दोन टन, कोरडा, निघतो असं धरा. किलोभर लोखंडामागे अडीच किलो गाळ वाढतो, म्हणजे आणखी ३४० किलो. तुम्ही घातलेला बहुतेक प्रत्येक जड धातू या गाळातच बसणार. ॲसिडात लिटरला फक्त २ ग्रॅम जस्त असेल तर रोज सव्वादोन किलो जस्त जातं आणि गाळाच्या किलोमागे साडेनऊशे मिलिग्रॅमच्या वर पोहोचतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला जस्ताची मर्यादा १००० आहे, आणि गाळात स्वतःचं जस्त असतंच. गॅल्व्हनायझिंगच्या ॲसिडात जस्त २ ग्रॅमवर थांबत नाही. जुनं जस्त काढण्यासाठी वापरलेल्या टाकीत ते कित्येक पटींनी जास्त असतं. अशा एका टँकरने नगरपालिकेचा खत विकायचा मार्ग बंद होतो. म्हणून गॅल्व्हनायझिंगवाल्यांकडून घ्यायचं तर फक्त त्या टाकीतलं, जिच्यात काळी (जस्त न चढवलेली) तारच उतरते आणि पुन्हा करायला आलेला माल कधीच उतरत नाही. मालक तोंडी हो म्हणेल. तुम्ही नमुना घ्या.

तारवाल्यांतही दोन जाती आहेत. बांधायची तार, खिळे, जाळी करणारे साधी कमी कार्बनची तार ओढतात. त्यांचं ॲसिड बहुधा स्वच्छ असतं. दोर आणि स्प्रिंगची उच्च कार्बन तार करणाऱ्यांकडे पेटंटिंगसाठी (तार ओढण्याजोगी करायच्या उष्णता-प्रक्रियेसाठी) वितळलेल्या शिशाची भट्टी असू शकते. ती तार शिसं घेऊन ॲसिडात उतरते. कंपोस्टला शिशाची मर्यादा १००, तेव्हा हा माल घ्यायचाच नाही, कितीही स्वस्त मिळो. स्टेनलेसचं पिकलिंग तर दारातूनच परत पाठवा: त्यात क्रोमियम, निकेल आणि हायड्रोफ्लोरिक, तिन्ही. क्रोमियम आणि निकेलची मर्यादा प्रत्येकी ५० आहे.

आणि एक गोष्ट जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तार ओढण्याआधी पिकलिंगनंतर बऱ्याच ठिकाणी झिंक फॉस्फेटचा थर देतात, म्हणजे वंगणाचा साबण तारेला धरून राहतो. ती फॉस्फेटिंगची टाकी पिकलिंगच्या शेजारीच असते, आणि टाक्या धुताना दोन्हीचं पाणी एकाच चरात गेलं तर तुमच्या फॉस्फेट काढणाऱ्या रसायनातच फॉस्फेट येतं. दुधात मिठाचा खडा. त्यामुळे प्रत्येक खेपेला लोखंड, मोकळं ॲसिड, जस्त, शिसं यांच्याबरोबर फॉस्फेटही तपासायचं. शिवाय पिकलिंगमध्ये लोखंड जास्त खाल्लं जाऊ नये म्हणून घातलेले इन्हिबिटर असतात, ते सेंद्रिय असतात. सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) एकदा बघून ठेवा.

ॲल्युमिनियमचं म्हणाल तर जालन्यापेक्षा वाळूजकडे बघा. ॲनोडायझिंगची (ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवायची) गंधकाम्लाची टाकी लिटरला वीसेक ग्रॅम ॲल्युमिनियम जमलं की बदलतात. तिच्यात दीडशे ते दोनशे ग्रॅम मोकळं ॲसिड शिल्लक असतं, जे लोक चुन्याने मारून टाकतात. त्याच कारखान्याच्या ईटीपीत (सांडपाणी प्रक्रियेच्या प्लांटमध्ये) ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा गाळ साठत असतो. तो गाळ त्या ॲसिडात विरघळवला की द्रवरूप तुरटी तयार. एका लिटर ॲसिडात मोकळं ॲसिड १८० ग्रॅम असेल तर आणखी ३३ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळू शकतं; गाळातलं पाणी धरून शेवटी लिटरला ३० ते ३५ ग्रॅमचं द्रावण मिळतं. बाजारातल्या द्रव तुरटीपेक्षा पातळ, पण कामाचं. एका कारखान्याची दोन डोकेदुखी एकमेकांना बरी करतात, म्हणून मला हा मार्ग पिकलिंगपेक्षाही आवडतो. फक्त रंगाच्या टाक्या, निकेल सीलिंग आणि चकाकी आणणारी फॉस्फोरिक ॲसिडची टाकी, या तिन्हींचं पाणी त्या गाळात येत नाही ना ते पाहा. बऱ्याच ठिकाणी येतं.

पाणीपुरवठ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रांतला तुरटीचा गाळ, उदाहरणार्थ फारोळ्याचा, हाही लोक सुचवतात. ॲसिड घालून त्यातलं ॲल्युमिनियम पुन्हा काढता येतं, पण पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याचा गाळ म्हणजे निम्म्याहून जास्त माती असते आणि ॲसिड वाया जातं. वाळवून, फोडून, फॉस्फेट शोषणाऱ्या थरासारखा वापरला तर जास्त शहाणपणाचं. ओला गाळ मात्र टँकरने नेऊ नका, ती पाण्याचीच वाहतूक होते.

यातलं काहीही पिण्याच्या पाण्यासाठी नाही, एवढं ठाम लिहून ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या तुरटीला आयएस २९९ आणि पॅकला आयएस १५५७३ आहे, त्यांच्या अशुद्धीच्या मर्यादा टाकाऊ ॲसिडाच्या मालाला खेपेगणिक पाळता येत नाहीत. एखादी ग्रामपंचायत स्वस्त म्हणून मागेल. नाही म्हणा.

साठवण आणि टँकर उतरवणं यावर थोडं थांबतो, कारण अपघात इथेच होतात. एसटीपीवर निर्जंतुकीकरणासाठी सोडियम हायपोक्लोराइटची टाकी असते. तुमचं ॲसिडी फेरस चुकून त्या टाकीत गेलं की क्लोरीन वायू, जागच्या जागी. म्हणून तुमच्या टाकीचं तोंड, होजचं कपलिंग आणि रंग हायपोपेक्षा वेगळा ठेवा, दोन्हीचे होज एकमेकांना बसताच कामा नयेत, आणि चावी ऑपरेटरकडे. जुलै १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये कॅमलफर्ड इथे टँकरचालकाने वीस टन ॲल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत ओतलं आणि ते थेट लोकांच्या नळाला गेलं. तिथेही टाकीजवळ अडवणारा कुणी नव्हता. सल्फाइड असलेल्या पाण्यात ॲसिड पडलं तर हायड्रोजन सल्फाइड निघतो, म्हणून सडलेल्या सांडपाण्याच्या बंद विहिरीत डोस देऊ नका. टाकी एचडीपीई किंवा एफआरपीची. स्टेनलेसची टाकी क्लोराइड कधी पोखरतं ते कळतही नाही. भोवती टाकीच्या मापाचा बंधारा हवाच.

आता गिऱ्हाईक. तुम्ही नगरपालिका धरून चालला आहात, मी ती शेवटी धरेन. लहान नगरपालिकांच्या एसटीपीत रसायनाच्या डोसिंगची सोयच नसते, टेंडर दर वर्षी, पैसे कधी ते विचारू नका. तुमचं पहिलं गिऱ्हाईक वाळूज आणि शेंद्र्याच्या ज्या कारखान्यांत पत्र्याला फॉस्फेटिंग करून पावडर कोटिंग होतं ते. त्यांच्या धुण्याच्या पाण्यात फॉस्फरस एसटीपीच्या कित्येक पट असतो, मर्यादा ५ ची, आणि आज ते चुना आणि तुरटी मारत बसलेले असतात. तिथे चुन्याने मोठा हिस्सा आधी बसवायचा, शेवटच्या टप्प्यात पीएच साडेआठच्या खाली घेऊन फेरस आणि हवा. गंमत म्हणजे यातल्या अनेकांकडे पिकलिंगची टाकीही स्वतःचीच असते. म्हणजे ॲसिडही त्यांचं, फॉस्फेटही त्यांचं. तुम्ही विकायचं ते डोसचं गणित, चाचणी आणि पंप. टँकरच नको.

पण ‘माझ्याच आवारात वापरतो, मला कोण विचारणार’ असं कुणी म्हणालं तर त्याला नियम दाखवा. पिकलिंगचं टाकाऊ ॲसिड घातक कचऱ्यात येतं. घातक व इतर कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतला नियम ९ स्पष्ट सांगतो की असा कचरा साधन म्हणून वापरायचा, अगदी ज्याचा आहे त्याच्याच आवारात वापरायचा, तरी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, आणि ती केंद्रीय मंडळाच्या ठरावीक कार्यपद्धतीच्या आधारे मिळते. तुमच्या वापराची कार्यपद्धती नसेल तर केंद्रीय मंडळाकडे चाचणी करून मंजुरी घ्यावी लागते. वाहतुकीला मॅनिफेस्ट, म्हणजे खेपेबरोबरचा नोंदीचा कागद. हे टाळून रात्रीचा टँकर फिरवणारे लोक तुम्हाला भेटतील आणि तुमच्यापेक्षा स्वस्त देतील. त्यांच्याशी भावात स्पर्धा करू नका.

सुरुवात जार टेस्टने, म्हणजे भांड्यांत वेगवेगळे डोस घालून बघण्याने, करा, पण ती फेरससाठी वेगळी असते हे ध्यानात ठेवा. तुरटीसारखं एक मिनिट जोरात आणि पंधरा-वीस मिनिटं हळू ढवळून फेरसचा निकाल काढला तर तो वाईटच येणार, कारण त्याला हवा मिळालेलीच नाही. एरेशन टाकीतला जिवंत गाळ घ्या, माशांच्या टाकीचा छोटा पंप लावून तासभर हवा द्या, मग अर्धा तास स्थिर ठेवा. वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून गाळून मॉलिब्डेनम ब्लू पद्धतीने फॉस्फेट मोजा आणि त्याच पाण्यात विरघळलेलं लोखंडही मोजा. लोखंड उरलं असेल तर डोस जास्त नाही, हवा कमी आहे. डोस शून्य, एकपट, दीडपट, दुप्पट, तिप्पट अशी पाच भांडी पुरतात. त्याच गाळाचं भांडं हवा बंद करून दोन-तीन दिवस झाकून ठेवा आणि पुन्हा फॉस्फेट मोजा. सडलेल्या गाळात सल्फाइड लोखंडाला ओढून घेतं आणि पकडलेलं फॉस्फेट सुटून पाण्यात येतं. ज्या प्लांटमध्ये गाळ वेळच्या वेळी काढत नाहीत तिथे तुमचं रसायन का ‘चालत नाही’ ते या भांड्यात आधीच दिसेल.

सध्या दोन-तीन कमी कार्बनच्या तारवाल्यांच्या टाक्यांचे, वेगवेगळ्या आठवड्यांतले नमुने घ्या. लोखंड, मोकळं ॲसिड, जस्त, शिसं, क्रोमियम, निकेल आणि फॉस्फेट तपासून घ्या. आठवड्यागणिक आकडे किती हलतात ते सरासरीपेक्षा महत्त्वाचं, कारण डोसिंग पंप सरासरीवर चालत नाही. ते आकडे आणि गिऱ्हाइकाच्या पाण्याची अल्कलिनिटी कळवा, मग टाकी केवढी आणि पंप कोणता ते सांगतो.